कुणी न ओतलेला हात

गुरुवार होता, कारखान्याच्या सुट्टीचा दिवस, आणि मला गोदामातले पांढरे हात निवडायचे होते. एवढंच काम. मालकीणबाईंनी आदल्या दिवशी किल्ली दिली आणि सांगितलं, दहा मापांचा एकेक हात ठेव, बाकीचे पोत्यात भर, सोमवारी फोडून टाकू. कुठला धड आहे आणि कुठल्याचा टवका उडालाय ते तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. मी बरं म्हटलं. दुपारी जेवण उरकलं, एप्रन गुंडाळून पिशवीत टाकला आणि निघाले.

पांढरे हात म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच मनात आणाल. आमचा कारखाना चामड्याच्या हातमोज्यांचा. बाई कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिचा उजवा हात मऊ मेणात दाबून ठसा घ्यायचा, ठशात प्लास्टर ओतायचं. सुकलं की मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत तिचाच हात, पांढराफटक. मग ती जो हातमोजा शिवेल तो आधी या हातावर चढवून बघायचा. स्वतःच्या हातावर बघायचा नाही, कारण जिवंत हात खोटं बोलतो. टाका ओढला गेला असेल तर बोट जरा आकसून घेतं, सांभाळून घेतं. प्लास्टर सांभाळून घेत नाही. चूक असली की तिथल्या तिथे दाखवतं.

काम सोडताना बाईने आपला हात आपणच हातोडीने फोडायचा, अशी रीत. दुसऱ्या कुणी फोडायचा नाही. दोन वर्षांपूर्वी ॲल्युमिनियमचे हात आले, तेव्हापासून प्लास्टर ओतणं बंद झालं. जुने हात गोदामात, म्हणजे मागच्या खोलीत, फळ्यांवर तसेच राहिले, आणि आता मालकीणबाईंना जागा हवी होती, रीत असो नसो. चालू कामावरच्या बायकांचे होते, सोडून गेलेल्या आणि फोडायचा कंटाळा केलेल्यांचे होते. आणि माझ्या आईचा आणि मावशीचा होता. त्यांनी कंटाळा केला नव्हता. काम सोडायची वेळ आली तेव्हा त्या दोघींना हातोडी धरता येत नव्हती.

आईची बोटं आधी सकाळी आखडायची. गरम पाण्यात बुडवली की नऊ-दहापर्यंत उघडायची. मग दुपारपर्यंत उघडेनात. मग सांधे सुजून बोटं एका बाजूला कलली, वाऱ्याने झाड कलतं तशी, आणि तशीच राहिली. मावशीचं तेच, फक्त चार वर्षं उशिरा. शेवटी शेवटी मीच आईला भरवायचे, मीच वेणी घालायचे. तिची जीभ मात्र शेवटपर्यंत धड होती. कुणी विचारलं, कशा आहात, तर म्हणायची, “दोन हात आहेत, दोन्ही रजेवर.” उठताना ती माझा हात धरू शकत नसे. मग आपली वाकडी दोन बोटं माझ्या एप्रनच्या नाडीत अडकवायची, आकडा अडकवावा तशी, आणि ओढ घेऊन उभी राहायची. सहा वर्षं झाली तिला जाऊन. अजून कधी कधी नाडी बांधताना मी कंबर सैल सोडते.

हा रोग कारखान्याचा, असं आमच्या घरात सगळ्यांचं ठरलेलं होतं. ओलं चामडं, गार फरशी, दिवसभर सुई. दुसरं काय असणार? म्हणून लेक पोटात होती तेव्हाच मी ठरवलं, हिचा हात त्या मेणात पडू द्यायचा नाही. आणि नाही पडू दिला. शिकली, घड्याळदुरुस्तीच्या दुकानात लागली. कोरडी जागा, बसायला खुर्ची, डोळ्याला भिंग. मला वाटलं, सुटलो. दाराला कडी लावली की चोर बाहेर, इतकं सोपं मी धरून चालले होते.

तर त्या सकाळी लेकीचं आणि माझं वाजलं होतं. दीड महिना झाला, तिची बोटं सकाळी उघडत नव्हती. मला कळलं नव्हतं असं नाही. नळ मनगटाने सोडताना मी तिला बघितलं होतं. ती कप दोन तळव्यांत धरून प्यायची, तेही बघितलं होतं. बघून मी पाठ फिरवली होती. दुकानात तिच्या हातून चिमटा पडायला लागला, तेव्हा घड्याळवाले काका म्हणाले, “घड्याळापेक्षा तुझेच काटे अडकलेत की.” मग त्यांची बायको तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं आणि म्हणाल्या, शुक्रवारी आईला घेऊन ये, घरात कुणाला काय काय होतं ते मला विचारायचंय.

लेकीने हे सांगितलं आणि मी तिच्यावर ओरडले. आमच्या घरात कुणाला काही नाही, म्हटलं. होतं ते कारखान्याचं होतं, कारखान्यातच राहिलं. तू कधी एक टाका तरी घातलास का चामड्याला? मग तुला कुठून होणार?

ती रडली नाही. माझ्यावरच गेलीय. म्हणाली, “आई, तू आली नाहीस तर मी एकटी जाईन. पण मग तिथे खोटं मला बोलावं लागेल.”

हे डोक्यात घेऊनच मी कारखान्याचं कुलूप उघडलं.

सुट्टीच्या दिवशी कारखाना मोठा वाटतो. शिलाईची यंत्रं झाकलेली, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या. बाहेर ऊन रणरणत होतं, आत माझ्याच चपलांचा आवाज माझ्या मागून येत होता. मी एप्रन बांधला, पोतं घेतलं आणि मागच्या खोलीचं दार ढकललं. या खोलीला खिडकी नाही, एक पिवळा दिवा तेवढा आहे. तो लावायच्या आधीच वास आला.

ओल्या प्लास्टरचा वास. ज्याने तो घेतलाय त्याला तो विसरता येत नाही. गारही असतो आणि ऊनही, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवलेल्या ओल्या फडक्यासारखा. दोन वर्षं त्या खोलीत कुणी प्लास्टर कालवलं नव्हतं. मी मनात म्हटलं, भिंतीला ओल आली असेल. दिवा लावला.

फळ्यांवर पाच रांगांत हात उभे. प्रत्येकाच्या मनगटावर महिना आणि वर्ष कोरलेलं, नाव नाही. नाव लागतही नाही. आपल्याबरोबर काम केलेल्या बाईचा हात चेहऱ्याआधी ओळखू येतो. मी खालच्या रांगेपासून सुरुवात केली. हा चष्मेवालीचा, करंगळी आखूड. तेहतीस वर्षं झाली तिला कामाला, अजून एका दमात सुई ओवते. हा पोत्यात. हा जिला आम्ही राणीसरकार म्हणायचो तिचा, नखं वाढवायची. पोत्यात. काम सुरू झालं की मला बरं वाटतं. हात चालले की डोकं गप्प बसतं.

चौथ्या रांगेत आईचा हात होता. मी तो नेहमी शेवटून तिसरा बघितलेला. ठसा घेतला तेव्हा ती वीस वर्षांची होती. लांब, सरळ बोटं, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा लहान डाग. आम्ही तिघी बहिणी लहान असताना त्या पांढऱ्या हाताशी हात लावून उंची मोजल्यासारखी बोटं मोजायचो.

मी हात घ्यायला गेले आणि माझी मूठ रिकामीच मिटली. बोटं जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. ती खाली वाकलेली होती. चारही बोटं करंगळीच्या बाजूला कललेली, सांध्यांवर फुगवटे, अंगठा तळव्यात ओढलेला. शेवटच्या वर्षी मी रोज धुतलेला, पुसलेला, तेल लावलेला हात. मी खाली घेऊन बघितला. महिना तोच, वर्ष तेच, डागही होता. कुठे चीर नव्हती, जोड नव्हता. प्लास्टर वाकत नाही. तुटतं, पण वाकत नाही. हे मला कुणी शिकवायला नको.

शेजारी मावशीचा. तोही तसाच, जरा कमी.

मी भ्याले का? भ्याले. पण माझं असं आहे की भीती वाटली की मला आधी राग येतो. मी दोन्ही हात फळीवर ठेवले आणि बाकीचे सगळे बघायला लागले, एकेक करून, पाचही रांगा. चाळीस वर्षं काम केलेल्या बायकांचे. ज्या माझ्या आईपेक्षा जास्त गार फरशीवर बसल्या त्यांचे. सगळे सरळ होते. एकाही हाताचं एकही बोट हललेलं नव्हतं.

तिथेच, त्या पिवळ्या दिव्याखाली, मला ते कळलं. चष्मेवालीच्या शेजारी मी वीस वर्षं बसले. ती सुई ओवताना रोज बघितली. आणि तरी मी म्हणत राहिले, कारखान्याचा रोग. कारखान्याचा असता तर सगळ्यांना नसता का झाला? इतकी साधी गोष्ट. पण ती धरली असती तर पुढची धरावी लागली असती, की हे आमच्या रक्तात आहे आणि माझ्या पोरीला मी कडी लावून आत कोंडलंय ते चोरासकट.

सगळ्यात शेवटी, पाचव्या रांगेच्या टोकाला, माझा हात होता. सरळ होता. त्याच्या पलीकडे फळी मोकळी असायची. माझ्यानंतर आमच्या घरातलं कुणी आलंच नाही.

फळी मोकळी नव्हती.

लहान, नाजूक हात. मनगटावर महिना नाही, वर्ष नाही. पांढरा नव्हता, राखाडी होता, म्हणजे अजून ओला. खाली फळीवर पाण्याचं गोल डबकं. वास इथूनच येत होता. मधल्या बोटाच्या कडेला घट्टा होता, चिमटा धरून धरून पडतो तसा. आणि तर्जनीवर तिरपा व्रण. सातव्या वर्षी पत्र्याने कापलं होतं, मी स्वतः दाबून धरून तिला दवाखान्यात नेलं होतं.

मी तो हात उचलला. ऊन होता. प्लास्टर धरायला लागतं तेव्हा आतून तापतं, तसा. मधल्या दोन बोटांचे सांधे फुगलेले होते. बाकी सगळं ठीक होतं. मी बघत असतानाच कुरकुर असा बारीक आवाज आला, बर्फावर पाणी ओतल्यासारखा... आणि तर्जनी वाकली. थोडीशीच. जणू कुणाला हळूच बोलावतेय.

“नाही,” मी म्हटलं.

पुन्हा आवाज आला. मधलं बोट.

मी पोत्यावर खाली बसले, हात मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी ती बोटं सरळ धरून ठेवली. आईची धरायचे तशी, एकेक, मुळापासून टोकाकडे. नवस बोलले नाही. मला नवस जमत नाहीत, मला शिव्या जमतात. जेवढ्या येत होत्या तेवढ्या दिल्या. आईला दिल्या, तिच्या आईला दिल्या, जी मी कधी बघितलीही नाही. म्हटलं, तुमच्याकडून मला नाक आलं, घेतलं. राग आला, घेतला. केस पिकायची घाई आली, तीही घेतली. हे घेणार नाही. आणि मी घेतलं नाही म्हणून तुम्ही मला ओलांडून पोरीला देणार? कुणी सांगितलं? कुणाला विचारून?

बोटं माझ्या बोटांखाली ढकलत होती. जोर नव्हता त्यांना, पण थांबतही नव्हती. आणि हात गार होत चालला होता. मी प्लास्टर ओतलेलं आहे. गार झालं की घट्ट झालं, मग जसं असेल तसं कायमचं.

मी उठले. कोपऱ्यात हातोडी होती. दुसऱ्याचा हात फोडायचा नाही, ही रीत मला आठवली, आणि मी म्हटलं, रीत गेली खड्ड्यात. हात फळीच्या कडेवर ठेवला. हातोडी उचलली.

मागून कुणीतरी माझ्या एप्रनच्या नाडीत बोटं अडकवली.

दोन बोटं. आकडा अडकवावा तशी. आणि ओढ घेतली, जोरात नाही, खुर्चीतून उठताना माणूस घेतं तेवढीच. ती ओढ मी अकरा वर्षं कंबरेवर झेललीय. माझे पाय आपोआप रोवले गेले, तोल सांभाळायला.

दिवा जळत होता. दार उघडं होतं, लांबवर कारखान्याच्या फरशीवर उन्हाचा पट्टा दिसत होता. मी मागे वळले नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती, उगाच कशाला खोटं सांगू.

“आई...” मी म्हटलं. “सोड.”

सोडलं नाही. अजून थोडं ओढलं, दाराकडे.

हातोडी अजून माझ्या हातातच होती. मानेवर तिच्या तेलाचा वास येत होता, सांध्यांना लावायचं ते कडू तेल. मग मला एक आठवलं. आईची बोटं आखडायला लागली तेव्हा पहिली तीन वर्षं तिने कुणाला सांगितलंच नाही. पहाटे चारला उठून गरम पाण्यात हात घालून बसायची, आम्ही उठायच्या आत पातेलं पालथं घालायची. कामावरून काढतील म्हणून. डॉक्टरकडे गेली तेव्हा तो म्हणाला होता, फार उशिरा आलात. घरी येताना ती एवढंच बोलली, की कुणीतरी मला आधी हटकायला हवं होतं.

“दाखवायचं होतं म्हणून दाखवलंस ना?” मी म्हटलं. “बघितलं मी. उद्या जाते तिच्याबरोबर. सगळं सांगते. तुझंही, मावशीचंही. आता सोड मला.”

नाडी सैल झाली.

मी हातोडी खाली ठेवली. तो लहान हात तसाच फळीच्या कडेवर राहिला, मी पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही. कुलूप लावलं. घरी येईपर्यंत मी पळत नव्हते, पण पळण्यापेक्षा फार कमीही नव्हते. लेक दारातच होती. तिने माझ्या हातांना लागलेलं पांढरं बघितलं आणि विचारलं, काय झालं. मी म्हटलं, “उद्या किती वाजता जायचंय?”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या लेकीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. मी त्यांना सगळं सांगितलं, कुणाला कितव्या वर्षी, कुठल्या बोटापासून. पांढऱ्या हातांचं नाही सांगितलं. तेवढी अक्कल मला आहे. त्यांनी लिहून घेतलं आणि मग समजावलं, की शरीरात पहारेकरी असतात, बाहेरच्या रोगांना हुसकावणारे. काही घरांमध्ये त्यांचं डोकं फिरतं आणि ते घरच्याच माणसाला चोर समजून बडवायला लागतात. आईकडून लेकीकडे तो कल येऊ शकतो, रोग येतोच असं नाही. तुम्हाला नाही आला, बघा.

मी विचारलं, “मग त्या पहारेकऱ्यांना कुणी सांगायचं, की ही घरचीच आहे म्हणून?”

“गोळ्या सांगतील,” त्या हसून म्हणाल्या. “पण रोज सांगावं लागेल. आणि मधूनमधून रक्त तपासून बघावं लागेल, की ऐकतायत का.”

“आमच्या घरात कुणी एकदा सांगून ऐकत नाही,” लेक म्हणाली. “सवय आहे.”

रिपोर्ट आला. होतं ते होतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार लवकर आलात, अजून सांध्यांचं काही बिघडलेलं नाही. लवकर आलात, हे शब्द आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी ऐकले. मी तिथेच, सगळ्यांदेखत, नाक शिंकरलं. लोकांना वाटलं रडतेय. वाटू दे.

सोमवारी मालकीणबाईंनी हात फोडायला काढले, तेव्हा आईचा आणि मावशीचा हात मी मागून घेतला. दोन्ही फडक्यात गुंडाळून, न बघता, माझ्या हाताने फोडले. म्हटलं, रजा संपली तुमची, सुटलात. माझाही फोडला. तो लहान हात फळीवर नव्हता. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तिथे कधी काही नव्हतंच की, तुझ्यापुढे कोण होतं? फळीवर पाण्याचा गोल डाग मात्र होता. मी तो फडक्याने पुसला. फडकं पांढरं झालं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी स्वतःलाच सांगितलं असतं, की उन्हातून आले होते, डोकं तापलं होतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी लेकीला शेजारच्या खोलीत पाठवलं. झोपेत बोटं वाकडी पडू नयेत म्हणून हाताला रात्री बांधायची एक पट्टी करतात, तिचं माप द्यायला. मीही कामावरून एप्रनसकट तशीच गेले. आतल्या बाई मध्यम वयाच्या, माझ्यासारख्याच तोंडाच्या वाटल्या. गरम पाण्यात मऊ होणारा, पत्र्यासारखा दिसणारा प्लास्टिकचा तुकडा टाकत होत्या. लेकीचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला, उलटा केला, दिव्याखाली धरला. मग नखांच्या कडेला बघितलं. बोटांच्या बेचक्यात बघितलं. 

“याआधी कुठे प्लास्टरचा ठसा दिलाय का?” त्यांनी विचारलं.

लेक नाही म्हणाली. कधीच नाही, आईने देऊच दिला नाही.

“मग हे काय? आमच्या इथे प्लास्टर वापरत नाहीत.” त्यांनी तिच्या बेचक्यातून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. राखाडी, चिकट.

लेकीने माझ्याकडे बघितलं. तिचा हात आता गार पडत चालला होता, ते मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी पुढे झाले. तो हात घेतला, माझ्या एप्रनला खसखसून पुसला, बोट अन् बोट, मुळापासून टोकाकडे.

“दिला होता,” मी म्हटलं. “तो जुना झाला. तुम्ही नवा घ्या. सरळ घ्या.”

बाईंनी आपलं बोट पुन्हा दिव्याखाली धरलं. चोळून बघितलं.

“जुना कसा,” त्या हळूच म्हणाल्या. “हे तर अजून ओलं आहे...”